शेंडे सर आणि ट्रान्झिस्टर

माझ्या लग्नात शेंडे सरांनी माझ्या सासऱ्यांना मांडवाच्या कोपऱ्यात गाठून डायोड समजावला. "हे पाहा भाऊ, जंक्शनले इकडून ढकला, करंट जाते. तिकडून ढकला, येत नाई. आता तुमची पोरगी इकडून गेली..." पुढचं ऐकायच्या आत सासरे रडायला लागले.

सर आमचे सिंदेवाहीचे शेजारी. आयटीआयमधून निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही. दूधवाल्याला थांबवून ते विचारत, "धानाच्या वरच्या बांधीत पाणी हाय. बांधाच्या मोरीतली माती जराशी सरकवली का भरभर खालच्या बांधीत येते. तसंच ट्रान्झिस्टरच्या बेसले, म्हंजे मधल्या पायाले, चिमूटभर करंट द्या, तिकडून मोठा करंट वाहते. बॅटरीचाच, बरं! ट्रान्झिस्टर फक्त वाट देते. टक्क समजलं?" समजलं म्हटलं तरी ते पुन्हा सांगत.

त्यांच्या बायकोला, कमलबाईंना, बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. विकतचं यंत्र कानात शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी टाकून दिलं. मग सरांनी साबणाच्या डबीत माइक, ट्रान्झिस्टर आणि सेल बसवून, कानात घालायचा इअरफोन जोडून एक यंत्र बनवलं. बाई म्हणाल्या, "गळ्यात साबणदाणी घालून हिंडू का मी?"

यंदा धान कापणीच्या दिवसांत, भर दुपारी, कालव्याजवळ वाघ दिसला. पलीकडच्या शेतात कमलबाई एकट्याच होत्या. आम्ही सडकेवरून डबे वाजवले, हाका मारल्या. सर एवढंच म्हणाले, "तिले आयकू येत नाई," आणि धावत सुटले. मी त्यांना कसंबसं धरलं. लाठ्या घेऊन सगळे मिळून निघणार, तोच बाई दुसऱ्या वाटेनं सडकेवर आल्या. हातात विळा, गळ्यात डबी.

"ओरडा आयकला, तशी निघाली," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांची नजर डबीवर गेलेली पाहून लाजल्या. "वावरात कोणी पाहत नाई, म्हणून तिथं घालते. पाखरं आयकू येतात."

वाघ जंगलात निघून गेल्याचं कळलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. सर सडकेच्या कडेला बसले. मी पाणी दिलं. "सर, तुमचा ट्रान्झिस्टर कामी आला."

त्यांनी काहीच समजावलं नाही. पाणी पिऊन हळूच म्हणाले, "घरी बोललेलं हिले पोचत नोतं गा. म्हणून तुम्हा साऱ्यायच्या मागं लागत होतो."

मग ते उठले, बाईंच्या डबीजवळ वाकले आणि सवयीनं ओरडले, "जेवली का?"

बाईंनी कानावर हात ठेवला. "हळू बोला ना. घरी जाऊन बोलू."