न लिहिलेली फाईल

औंढ्याच्या सरकारी कचेरीत संगणकातल्या व्हायरसवर कुणाचा आक्षेप नव्हता. तो जुना होता, सवयीचा झाला होता. संशय होता तो त्याला मारायला आलेल्या, आदल्याच दिवशी चाचणीपुरत्या बसवलेल्या अँटीव्हायरसवर.

"हे सगळ्या फायली वाचतं म्हनं?" साहेब व्यंकटरावांनी विचारले.

"तपासतं, साहेब," धम्मानंद खाली पाहत म्हणाला. एका नवख्या कंपनीचा तो जिल्ह्यातला एकमेव एजंट. ही पहिली विक्री फसली, तर एजन्सीच जाणार होती.

"अन् वाचून कंपनीला कळवलं तर? सरकारचा भरवसा असा बसत नसतो, पोरा. उद्या ये."

तो गेल्यावर साहेबांनी परीक्षा ठरवली. टंकलेखिका शिवकन्येने एक खोटी गुप्त फाईल संगणकात लिहायची: कचेरी सिद्धेश्वरला, धरणाजवळ हलणार. बातमी फुटली, की अँटीव्हायरस दोषी. गुपित दोघांतच राहणार होते. दुपारी जेवताना साहेबांनी ते फक्त पत्नीला, पार्वतीबाईंना सांगितले. घरच्या माणसाला सांगणे म्हणजे मनातच ठेवणे, अशी त्यांची निर्मळ समजूत होती.

दुसऱ्या सकाळी समोरच्या हॉटेलवाल्या नीलाबाई दहा-बारा दुकानदार घेऊन फाटकात उभ्या.

"कचेरी काहून हलवून राहिले, साहेब? धरणावर जाऊन माशांना चहा पाजू का आमी?"

साहेब धम्मानंदाकडे वळले. "फोडली का न्हाई बातमी? बराबर सापडलं! काढ तुझं सामान."

एजन्सीच्या पाटीचा रंग अजून वाळायचा होता. धम्मानंदाला ती उतरताना दिसली.

शिवकन्या चाचरली. "साहेब, फाईल लिहिलीच न्हाई. काल दिवसभर लाइट कुठं व्हती?"

धम्मानंदाने आशेने मान वर केली. सत्य साहेबांच्या अगदी जवळून गेले, पण थांबले नाही.

"म्हंजी," साहेब संगणकापासून दोन पावले मागे सरले, "लिहायच्या आधीच वाचली?"

"साहेब, तसं नसतं—"

"गप! असली चीज बाहेर ऱ्हायली तर सरकारला तकलीफ. आपल्याच ताब्यात पायजे!" साहेबांनी तिथल्या तिथे खरेदीच्या आदेशावर सही केली. "अन् हे कुठं बोलायचं न्हाई. एकदम गुपित."

मग ते जेवायला घरी गेले.

दिवस मावळण्याआधी हिंगोलीच्या दोन कचेऱ्यांचे शिपाई धम्मानंदाच्या दारात उभे होते. त्यांतला एक कानाशी लागून पुटपुटला, "आमच्या साहेबाला बी द्या, ते न लिहिलेलं वाचनारं. पन हळू बोला, गुपित हाय म्हनं."