नानांचा सभात्याग

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना जेवणाच्या ताटावरून सभात्याग करतात. भाजीत मीठ जास्त पडलं तर नाराज होऊन उठणारी माणसं पुष्कळ असतील. नाना रीतसर उठतात. आधी उजवा हात वर. मग, "हरकतीचा मुद्दा! या घरात वडीलधाऱ्यांना विचारात न घेता दुधी आणला जातो. निषेध म्हणून मी सभागृह सोडतोय. नोंद घ्यावी." एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन उभे राहतात. नात इरा आतून ओरडते, "ओपा, झेत्स डिश!" म्हणजे जर्मनमध्ये, आजोबा, बस. पाच मिनिटांनी नाना परत येतात आणि दुधी खातात.

सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत नाना बावीस वर्षं नगरसेवक होते, आणि बावीसही वर्षं विरोधी बाकांवर. "सत्ता कुणालाही मिळते गं मुग्धा. विरोध करायला अभ्यास लागतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इथे जर्मनीत बॉनला आणलं. इथे विरोध कुणाला करायचा हा प्रश्नच होता. इमारतीतल्या घरमालकांच्या सभेत त्यांनी सायकली ठेवायच्या तळघरावरून एकदा हरकत घेतली; पण ती मराठीत असल्यामुळे सगळे हसून "या, या" म्हणाले. जर्मनमध्ये या म्हणजे हो. नानांना वाटलं, 'या आता' म्हणून हाकलतायत. त्यांनी सभात्याग केला.

मग त्यांना इस्रायलची संसद सापडली.

मुलाच्या लॅपटॉपवर इंग्रजी बातम्या वाचताना त्यांनी पाहिलं, तिथे डझनभर पक्ष, काठावरचं बहुमत, आज युती आणि उद्या फारकत. "अगदी आमची पालिका!" ते हरखून गेले. त्यांनी एक वही केली. कुणी बाजूने मत दिलं, कुणी विरोधात, कोण तटस्थ आणि 'कोण चहाला गेलं'. हा शेवटचा रकाना त्यांचा सर्वांत आवडता. मी घरून काम करते. माझ्या मीटिंगच्या मधल्या वेळात ते वही घेऊन खाली यायचे. "हे बघ. जमिनीचा प्रश्न आला की विरोधकांची कशी पंचाईत होते! ठरावाला हो म्हणावं तर सरकारच्या पंगतीला बसल्यासारखं. नाही म्हणावं तर मतदार म्हणणार, हे देश विकायला निघाले. मग काय करायचं? बाहेर पडायचं! वा! याला म्हणतात डावपेच."

त्यांनी माणसांत जावं म्हणून मीच त्यांना वाचनालयातल्या भाषा-कट्ट्यावर नेलं. गुरुवारी दुपारी तिथे परदेशी लोक कॉफी पीत जर्मन बोलायचा सराव करतात. तिथे नानांना यूसुफ भेटला. चाळिशीचा, नाब्लुसजवळच्या एका पॅलेस्टिनी गावातला, इथे इस्पितळात नर्स. दोघांचं जर्मन बेताचं, त्यामुळे गाडी इंग्रजीवर आली. यूसुफ कुठला हे कळताच नाना अशा आनंदात त्याच्याजवळ सरकले, जसा क्रिकेटवेडा माणूस मैदानाशेजारी राहणाऱ्याजवळ सरकेल. यूसुफ सभ्य होता, ऐकून घ्यायचा. एकदा त्याने फोनवर फोटो दाखवला. टेकडी, ऑलिव्हची झाडं, खाली खुर्चीवर त्याचा मोठा भाऊ.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्रायलच्या संसदेत यूसुफचं गाव असलेल्या प्रदेशावरच हक्क सांगणारा एक ठराव आला आणि मंजूर झाला. थोडे सदस्य विरोधात उभे राहिले, पण विरोधी बाकांवरचे बरेचजण मतदानाला सभागृहात नव्हतेच. गुरुवारी नाना वही घेऊन आले, चौथ्या रकान्यात भराभर नावं लिहिलेली. त्यांनी यूसुफला सगळी चाल उलगडून सांगितली.

यूसुफने कप खाली ठेवला. आवाज न चढवता विचारलं, "अंकल, जे बाहेर गेले, त्यांच्यापैकी कुणी नंतर माझ्या भावाला येऊन सांगेल का, का गेलो ते?"

नानांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

आठवडाभर नाना खाली आले नाहीत. मग एका दुपारी दारात उभे. हातात वही नव्हती, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती.

"हा लावून दे. मुलाला सांगायला बरं वाटत नाही."

"कुणाचा आहे नाना?"

ते सोफ्याच्या कडेवर टेकले. "दत्तूचा. माझ्या वर्गातला. माझ्या प्रत्येक निवडणुकीत भिंती त्यानेच रंगवल्या. ओढ्याकाठच्या वस्तीत राहायचा. ती वस्ती उठवून बाजार बांधायचा ठराव आला. विरोध करावा तर व्यापारी नाराज, पाठिंबा द्यावा तर वस्ती. मी माझे चार सदस्य घेऊन बाहेर पडलो. पेपरात फोटो आला माझा, मूठ आवळलेला." त्यांनी हातातली चिठ्ठी दुमडली. "इतिवृत्तात काय लिहिलंय ठाऊक आहे? बिनविरोध मंजूर. आम्ही पाचजण विरोधात असून बिनविरोध. दत्तूचं घर गेलं. तो भांडला नाही गं. फक्त यायचा बंद झाला."

मी नंबर लावला. नानांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"कोन बोलतंय?"

"वसंता. जर्मनीवरनं," नाना म्हणाले.

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"दत्तू, त्या दिवशी मी बसायला हवं होतं. हात वर करायला हवा होता."

"करायला हवा हुतास," दत्तू म्हणाला. "वहिनी गेल्याचं कळलं हुतं. मी पन यायला पायजे हुतं. न्हाई आलो."

नानांनी चष्मा काढला. मी उठून आत जाऊ लागले, पण त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"तिकडं बोलायला कोन हाय तुला?"

नाना फोनकडे वाकले. मला वाटलं, आता पालिकेतलं एखादं भाषण येणार.

"कुणी नाही रे," ते हळूच म्हणाले.

"मग उद्याबी याच टायमाला लाव," दत्तू म्हणाला. "मी घरीच असतो."