ओटीत गेलेला समुद्र

क्रांतीचं पार्सल आलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, मिक्सरचं भांडं आलं. निघाला गेम! तोही शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या बाईच्या नावावर. तळहाताहून जरा मोठं राखाडी यंत्र, डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे चार गोल बटणं आणि मधे काच.

“कुणाला द्यायचाय?” नवऱ्याने, अमरसिंहाने विचारलं.

“कुणाला न्हाय. माझा हाय.”

“तू खेळणार?”

“मग काय शोकेसला लावू?”

अमरसिंहाने रिकामं खोकं आवरायला घेतलं. लग्नाला अठरा वर्षं झाली की कुठे गप्प बसायचं ते माणसाला कळतं.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगायला पाहिजे. लहानपणी कागलला, क्रांतीच्या माहेरी, टीव्हीला लावायचा गेम होता. खेळायचा तिचा थोरला भाऊ राजवीर. क्रांतीने कॅसेट फुंकायची, वायर धरून बसायचं आणि “दादा, खड्डा!” म्हणून ओरडायचं. रिमोट तिच्या हातात म्हणून कधी आला नाही. त्या गेमात कंदील घेतलेला एक इवलासा माणूस शेतातून निघायचा, जंगल ओलांडायचा, चौकोनी ढगांच्या पुलावरून जायचा आणि शेवटी म्हणे समुद्राला पोचायचा. म्हणे, कारण राजवीर समुद्राला पोचला त्या दिवशी ही बाई दळण घेऊन गिरणीच्या रांगेत उभी! “कसला भारी समुद्र, क्रांते! सगळा टीव्ही निळा!” एवढंच त्याने सांगितलं. बाकीचा समुद्र तिने मनात रंगवला. पुढे ती गोव्याला गेली, गणपतीपुळ्याला गेली, पण खरा समुद्र तिला काही पटला नाही. वर्गात पोरं चित्रं काढत बसली की ही खिडकीतून बघत अजून त्या कंदीलवाल्याबरोबर चालायची. एकदा, फक्त एकदा, त्याला आपल्या हाताने समुद्रापर्यंत न्यायचं, एवढीच तिची हौस होती.

पण यंत्र आलं म्हणजे गेम आला असं नाही. सोबत येतं ते मेमरी कार्ड दगा देतं, आधी ते बदला, असं व्हिडिओतला एक जण कळवळून सांगत होता. क्रांतीने नखाएवढं नवं कार्ड आणलं. मग एम्युलेटर, म्हणजे नव्या यंत्राला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. मग फोल्डर. गेम चुकीच्या फोल्डरात पडला की यंत्र त्याला ओळखच दाखवत नाही. तीन दिवस शाळेतून आल्यावर बाई लॅपटॉपपुढे आणि चहा गार. चौथ्या दिवशी, गुरुवारी, पडद्यावर शेत उगवलं. वर चौकोनी ढग. कंदीलवाला जागच्या जागी डुलायला लागला आणि क्रांतीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

“थांब!” सासूबाई, बायडाबाई, कडाडल्या.

बायडाबाईंच्या घरात बिनपूजेचं यंत्र आजवर चाललेलं नव्हतं. मोटरसायकल, फ्रिज, अमरसिंहाचं ब्लडप्रेशर मोजायचं मशीन, सगळ्यांना कुंकू लागलेलं होतं.

“आत्ती, ह्याला कशाला?”

“चार्जिंगला लावतीस न्हवं? मग यंत्र हाय. आण हिकडं.”

त्यांनी कुंकू पाण्यात चांगलं कालवलं, यंत्र निरखलं आणि अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं. “हे बघ, कुंकवाची जागाबी करून दिल्याती.” मग बोट दाबून कुंकू लावलं, हळद लावली, फुलाने पाणी शिंपडलं. कंदीलवाला तरातरा डावीकडे निघाला. शेताच्या कडेला पोचला आणि तिथे कुंपणावर डोकं आपटत चालतच राहिला.

“चालतंय की!” बायडाबाई खूश झाल्या.

“आत्ती, समुद्र उजवीकडं हाय!”

बटण अडकलं ते अडकलंच. अमरसिंह मदतीला धावला. “भिजलेला मोबाईल तांदळात ठेवत्यात. एक दिवस ठेव, खडखडीत हुतंय.” पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा डबा निघाला आणि यंत्र त्यात गाडलं गेलं. अमरसिंह जरा जास्तच काळजीवाहू. कार्डालाही ओल लागली असेल म्हणून त्याने ते काढून शेजारीच तांदळात खोचलं, आणि हे बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी क्रांतीने यंत्र बाहेर काढलं. बटण मोकळं झालं होतं. पडदा मात्र कार्ड मागत होता.

“अहो, कार्ड कुठाय?”

“तांदळात. वाळाय घातलंय.”

परातीत डबा उपडा झाला. तिघं तांदूळ निवडायला बसली. दोन खडे निघाले, एक मेलेला किडा निघाला, कार्ड काही निघेना. मग बायडाबाईंचा हात हळूहळू थांबला.

“दुपारी तुझी भावजय आलती,” त्या म्हणाल्या. “तू शाळंत हुतीस. स्नेहल अंबाबाईला आलती, जाता जाता डोकावली. शुक्रवारची सवाष्ण तशीच कशी लावून द्यायची? ओटी भरली.”

“कशानं?”

“कशानं म्हंजे? खण, नारळ...” बायडाबाईंनी परातीकडे बघितलं. “आणि तांदूळ.”

क्रांतीने फोन उचलला तसा बायडाबाईंनी तिचा हात धरला. “भरलेली ओटी परत मागतीस? आणि तीबी भावजयीची? कागलात तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का मला?”

“आत्ती, माझा समुद्र गेलाय त्यात!”

“असू दे. ओटी ती ओटी.”

क्रांती परातीपुढे बसून राहिली. कागलच्या स्वयंपाकघरात कुकर चढलाय, शिट्ट्या होतायत आणि कंदीलवाला वाफेच्या ढगांतून वाट शोधतोय, असं तिला दिसायला लागलं. बेचाळिसाव्या वर्षी गेमपायी रडायचं म्हणजे लाजच, पण रडू आलं. बायडाबाईंनी ते बघितलं आणि त्या उठून आत गेल्या.

शनिवारी दुपारी दारात राजवीरची मोटरसायकल. पुडीतून कार्ड काढून त्याने बहिणीपुढे धरलं.

“आत्तींचा फोन आलता. म्हटल्या, स्नेहलला सांगू नका, तुमचं तुम्ही तांदूळ निवडा. दोन तास बसलोय! स्नेहल सारखी इचारतीया, आज तब्येत बरी हाय न्हवं तुमची?”

“मी ओटी मागितली न्हाय हं,” बायडाबाई आतून ओरडल्या. “निवडाय सांगितली.”

कार्ड आत गेलं. शेत उगवलं. राजवीरचा हात आपसूक पुढे आला. “आण. धा मिनटात समुद्र दावतो तुला.”

आणि क्रांतीचा हात सवयीने यंत्र द्यायला पुढे झालासुद्धा! मग तिने तो मागे घेतला.

“न्हाय दादा. मी.”

कंदीलवाला निघाला. शेतातला पहिला खड्डा कुठे आहे ते क्रांतीला झोपेतही सांगता आलं असतं. तो आला, तिला दिसला, ती आत पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदाही तिथेच पडली आणि खेळ खलास.

“अगं उडी मार की!”

“मारली की!”

“आधी मारायची! पडल्यावर न्हवं!”

क्रांती हसत सुटली. कपाळावर घाम होता आणि जिवाला बरं वाटत होतं. “दादा, खरं सांग. समुद्र नेमका दिसतोय कसा रं?”

राजवीर वर पंख्याकडे बघायला लागला. “मी कुठं बघितलाय?”

“आँ?”

“ढगांच्या पुलावरच मेलतो मी. तू घरात नव्हतीस. म्हटलं, पोचलो म्हणायला काय जातंय!”

“तीस वर्षं, दादा!” क्रांतीने उशी फेकून मारली. राग आला, चांगलाच आला. गणपतीपुळ्याच्या बिचाऱ्या समुद्राला तिने उगाच नावं ठेवली होती. पण राग ओसरत गेला तसं तिच्या ध्यानात आलं की मग तो समुद्र आपल्यात अजून कुणीच बघितलेला नाही. आपल्याला काही उशीर झालेला नाही.

तिने खेळ पुन्हा सुरू केला. या वेळी उडी आधी मारली आणि खड्डा मागे पडला. अमरसिंह चष्मा घेऊन आला, बायडाबाई हात पुसत येऊन टेकल्या. कंदीलवाला जंगलात शिरला.

“जरा हिकडं वळव की,” मागून राजवीर म्हणाला, “मला दिसंना.”