सुनीताच्या नावाने

आठवड्यातून दोनदा, दुपारी तीन ते चार, इनास सर मुलगी व्हायचे. कधी वर्षा, कधी ग्रेसी, बहुतेक वेळा सुनीता.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. गोखिवऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात एका संस्थेने आरोग्यसेविकांचा कोर्स सुरू केला. मुंबईचे डॉक्टर इंटरनेटवरून पडद्यावर शिकवायचे आणि समोर अठरा मुली मेणाच्या बाहुल्यांसारख्या बसायच्या. देखरेखीला इनास सर, भुईगावचे निवृत्त शास्त्रशिक्षक.

डॉक्टरांनी "काही शंका?" विचारलं की अठरा मुंड्या नकारार्थी हलायच्या. एकदा तास संपल्यावर सरांनी वर्षाला विचारलं, "बीपी म्हणजे काय गं?"

"डोक्यात चढते ती, सर."

"मुंड्या हलवता, तोंडं कधी हलवणार?" सर म्हणाले. हे ते दर तासाला म्हणायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि एका बोटाने मुलींच्या नावांनी डॉक्टरांना प्रश्न पाठवायला सुरुवात केली. जुलाब झाल्यावर पाणी बंद करायचं का, असं वर्षा विचारते. गरोदरपणात पपई चालते का, असं ग्रेसी विचारते.

मी म्हटलं, "सर, ही फसवणूक आहे."

"हजेरीला प्रॉक्सी चालते, मग शंकेला का नको?"

डॉक्टर खूश. एके दिवशी ते म्हणाले, "सुनीता, आज गप्प का? तुझे प्रश्न फार चांगले असतात."

नालासोपाऱ्याची सुनीता घाबरून उभी राहिली. काहीतरी विचारणं भागच होतं. "सर, माझ्या बाबांना टीबी आहे. दोन महिन्यांत खोकला थांबला, म्हणून आम्ही गोळ्या बंद केल्या. चालेल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं बंद करायला?"

"कोणीच नाही. आम्ही विचारलंच नाही कोणाला."

"उद्याच त्यांना दवाखान्यात ने. खोकला थांबला म्हणजे आजार गेला असं नाही."

तिने नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पुढे बाबा बरे झाले. त्या दिवसानंतर मुलींनी डॉक्टरांना इतकं पिडलं की तास चारला संपेना. सरांचा कीबोर्ड रिकामा पडला.

तरी एकदा पडद्यावर सुनीताच्या नावाने प्रश्न आला. 'साठीचा माणूस एकटा राहतो. सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. पुन्हा घ्यावी का?'

"दुसरी घेऊ नये," डॉक्टर म्हणाले. "घरच्या कोणीतरी रोज आठवण करून द्यावी."

सुनीताने सरांकडे पाहिलं. सर टेबलाखाली वाकून एक चांगली बसलेली वायर पुन्हा बसवत होते.

पुढच्या तासाला ती हजेरीच्या आधीच त्यांच्या टेबलापाशी गेली. "सर, सकाळची गोळी घेतली?"

"जागेवर बस," सर गुरगुरले. मग हजेरीपटात डोकं घालून हळूच म्हणाले, "घेतली गं."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला सरांच्या घरचा फोन वाजायला लागला.