कोऱ्या गटारातलं निर्माल्य

माझं निर्माल्य आजवर कुणाच्या पायाखाली आलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते! रोजची पूजा झाली की उतरलेली फुलं टोपलीत, आणि टोपली थेट घोड नदीवर. कधी खंड नाही. पण दोन हजार तीनच्या श्रावणात मी महादेवाला लाख बेल वाहायचा नेम धरला, आणि टोपली रोज रुखवतासारखी शिगोशीग भरू लागली. नदी लांब. गुडघे साथ देईनात.

त्याच वेळी आमच्या आळीत बंदिस्त गटार झालं. पंधरा वर्षं मागत होतो! लोणीचा गोरख ठेकेदार कौतुकानं झाकण उघडून म्हणाला, "काकू, उतार बघा! हितं पानी वतलं की थेट नदीत. तालुक्याचं सायब पास करतील, मंग घरोघर कनेक्शन."

"म्हणजे अजून कुणाचंच सांडपाणी यातून गेलं नाही?"

"न्हाई वो! कोरं करकरीत हाय!"

कोरं! आणि थेट नदीत! नवं भांडं सोवळ्यात चालतं, मग नवं गटार का नाही? दुसऱ्या दिवसापासून मी हात जोडून टोपली त्यात रिकामी करू लागले. वर तांब्याभर पाणी.

समोरच्या झुंबरबाईनं पाहिलंच. "आवं ताई, चालतं व्हय हे?"

"कोरं आहे," मी हळूच म्हणाले. माझा आवाज शेजारच्या पाटापर्यंत पोचत नाही, पण ही बातमी दुपारपर्यंत आळीभर पोचली! मग गणपती आले, गौरी आल्या, गेल्या.

नवरात्राच्या तोंडावर साहेब आले. टँकरचा पंप सुरू झाला. पाणी ऐटीत आत गेलं, आणि रुसलेल्या जावयासारखं तसंच माघारी आलं! साहेबांचे बूट बुडाले.

"उतारच नाही! सगळं उकरा! या माणसाला पुन्हा काम देऊ नका!"

गोरखचा चेहरा पडला. "सायब, आईची आन, लेव्हल बराबर हाय! पयलंच काम हाय वो माजं!"

मी पुढं झाले. "अहो, ते मी..." पंपाच्या आवाजात कोण ऐकतो?

माझ्या हातातली टोपली बघून सरपंच संपतराव म्हणाले, "काकू, परसाद मागनं द्या!"

"प्रसाद नाही हो..."

साहेब वहीत लिहायला लागले. आणि मी जन्मात पहिल्यांदा ओरडले, "गटार मी तुंबवलं!"

टँकरवाल्यानं दचकून पंप बंद केला. ओसरीवरून आमचे हे म्हणाले, "कोण ओरडलं गं?" वीस वर्षांचा संसार, पण आवाज ओळखला नाही!

गोरखनं बांबू घातला. बेल निघाला, झेंडू निघाला, पुन्हा बेल. मग नारळ. एक, दोन... अकरा! शेवटी थर्माकोलच्या मखराचे तुकडे. पाठोपाठ पाणी भसाभस नदीकडे धावलं, आणि गोरखनं तिथंच बसकण मारून डोळे पुसले.

"बाई, एवढं सगळं तुमचं एकटीचं?" साहेबांनी विचारलं.

मी आळीतल्या बायकांकडे पाहिलं. झुंबरबाई ढग बघत होती. बाकीच्या झुंबरबाईकडे बघत होत्या.

मी मान डोलावली.

गटार पास झालं. साहेबांनी शेरा मारला म्हणे, 'काम चांगले, वासही चांगला.' गोरख अजून भेटला की पाया पडतो. पण गावात आजही मला अकरा नारळवाली काकू म्हणतात. ते एक वेळ चालेल. त्या मखराचं मात्र काय सांगू! आमच्याकडे गणपतीच बसत नाही हो, तो थोरल्या जाऊबाईंकडे असतो!