हत्तीणकाकूंच्या झुलीची घडी

एका जंगलात एक नदी होती आणि नदीत एक क्रूझ होती. हसू नका. तुमच्या शहरात भर रस्त्यात पाणी साचतं तेव्हा आम्ही हसतो का?

तर क्रूझ म्हणजे मोठी बोट. तिला एक खालचा डेक होता, एक वरचा डेक होता आणि मध्ये जिना होता. ही गोष्ट त्या जिन्याची आहे, म्हणून तो नीट लक्षात ठेवा. खालच्या डेकला चहूबाजूंनी फळ्या ठोकल्या होत्या. तिथून नदी नुसती ऐकू यायची. काठ बघायचा तर जिना चढूनच जावं लागे.

बोटीचा कॅप्टन गेंडा होता. तो चिखलात लोळून तसाच सुकाणूवर यायचा. पण शिस्त बघायचं काम त्याच्याकडे नव्हतं, ते बगळेसाहेबांकडे होतं. बगळेसाहेब जन्मापासून पांढरे होते. हा आपलाच गुण आहे असं त्यांना वाटे.

सफरीत वरच्या डेकवर तीन औपचारिक संध्याकाळी होत्या. त्यांचं पत्रक बगळेसाहेबांनी पहिल्याच दिवशी लावलं. त्यात पुरुषांसाठी एक ओळ होती. 'पुरुषांनी स्वच्छ असावे, शक्यतो.'

बायकांसाठी सात पानं होती.

सगळी वाचून दाखवत नाही, तुम्ही झोपाल. थोडी ऐका. 'गळा खोल नसावा, उथळही नसावा. चकाकी असावी, पण ती दिसू नये. साडी चालेल, मात्र ती साडी वाटू नये. घोटे झाकलेले असावेत. कापडाला छिद्र नसावे. स्वतःची कातडी पोशाख म्हणून चालणार नाही.'

नागीणवहिनींनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "साहेब, घोटे म्हणजे माझे नक्की कुठले?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," बगळेसाहेब म्हणाले. "आणि लेखी द्या."

मग त्यांनी प्रत्येकीचा पोशाख तपासून वहीत लिहून घेतला. हत्तीण, पुढे झूल. खार, पुढे रुमाल. नागीण, पुढे चंदेरी कात, ती मात्र मागच्या मोसमात टाकलेली, म्हणून चालली. असं सगळं.

आणि साळूबाई, पुढे हिरवं लुगडं.

साळूबाई म्हणजे साळिंदर. पाठीवर हेऽऽ एवढाले काळेपांढरे काटे. आता तुम्ही म्हणाल, साळिंदराला लुगडं कशाला? तेच तीही म्हणत होती. पण तिला वरच्या डेकवर जायचंच होतं, कारण तिची लेक शेवंता नदीच्या मधल्या बेटावर दिली होती. लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी नदीने पात्र बदललं. तेव्हापासून बेटावर जाणं बंद आणि येणंही बंद. तीन वर्षं मायलेकींची गाठ नव्हती. आता शेवंताला मुलगी झाली होती.

टिटवीबरोबर निरोप आला. "आई, तिसऱ्या संध्याकाळी बोट आमच्या बेटावरून जाते. मी उंबराखाली बाळाला घेऊन उभी राहीन. तू वर उभी राहा."

एवढ्यासाठी साळूबाई बोटीवर चढली होती. तिला ना जेवणाची हौस, ना नाचाची.

लुगडं तिने स्वतः विणलं होतं, केळीच्या धाग्याचं. पहिल्या संध्याकाळी ते नेसून ती जिन्यापाशी गेली. काटे अगदी अंगालगत मिटून घेतले होते. पण साळिंदराचं एक आहे. मनात जरा धाकधूक झाली की काटे उठतात, ते काही तिच्या हातात नसतं. समोर बगळेसाहेबांची चोच दिसली आणि लुगड्याला सत्तर भोकं पडली.

"छिद्र," बगळेसाहेब म्हणाले आणि वहीत फुली मारली.

दुसऱ्या संध्याकाळी तिने काट्यांवर ओली माती थापली आणि वर केळीचं नवं पान गुंडाळलं. माती वाळली. साळूबाई हुबेहूब वारुळासारखी दिसू लागली. जिन्यापर्यंत पोचेतो बोटीवरच्या निम्म्या मुंग्या राहायला आल्या होत्या.

"पाहुणे आणायला परवानगी नाही," बगळेसाहेब म्हणाले.

साळूबाई खाली येऊन कोपऱ्यात बसली. तिला रडू येत होतं. रडताना काटे पुन्हा उठले आणि सगळी माती गळून पडली. उद्या तिसरी संध्याकाळ होती. उद्या लेक उंबराखाली उभी राहणार आणि आई फळ्यांमागे बसणार.

खालच्या डेकवरच्या बायका जमल्या. दुसरीचं दुःख ऐकायला बायका जमतातच, त्यात वाईट काही नाही. हत्तीणकाकूंनी सोंडेने तिच्या तोंडावरची माती झाडली आणि विचारलं, "साळू, लुगड्याची घडी कुणी मोडली?"

"मीच. माझंच तर होतं."

खारूताईने तोंडावर हात ठेवला.

"अगं, नवं कापड, आणि स्वतःच घडी मोडलीस?" नागीणवहिनी म्हणाल्या. "मग भोकं पडतील नाही तर काय होईल?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. त्या जंगलात बायका नवं वस्त्र आधी स्वतः नेसत नसत. एखादीला प्रेमाने द्यायचं आणि म्हणायचं, बाई, घडी मोड. तिने एकदा अंगाला लावलं की वस्त्र टिकतं, लाभतं, असं त्या मानत. तुमच्याही घरात मानतात. आज जाऊन आजीला विचारा.

बगळेसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सात पानं लिहिली, पण लिहिण्याआधी एकाही बाईला काही विचारलं नव्हतं.

"माझी झूल कोरी आहे," हत्तीणकाकू म्हणाल्या. "दोन संध्याकाळी इथंच बसून काढल्या, घडी मोडायला कुणी मिळेना म्हणून. उद्या तू मोड."

"काकू, तुमची झूल? अहो, मी त्यात हरवेन."

"हरव. पण वर जाऊन हरव."

"आणि काटे?"

"जाजमाइतकी जाड आहे ती. तू मन शांत ठेव म्हणजे झालं."

हे एकदा ठरल्यावर बाकीच्यांनाही आपापल्या घड्या आठवल्या. खारूताईने आपला नवा रुमाल काकूंना दिला. नागीणवहिनींनी चंदेरी कात खारूताईला दिली. मग त्यांना स्वतःला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी साळूबाईचं भोकांचं हिरवं लुगडं गुंडाळून घेतलं. म्हणाल्या, "हवेशीर आहे."

यात कुणाची काही लबाडी नव्हती, बरं का. रीत होती, रीतीप्रमाणे झालं.

तिसरी संध्याकाळ झाली. बगळेसाहेब जिन्याशी वही घेऊन उभे राहिले. त्यांना मान वर करायची सवय नव्हती. मासे खालीच असतात, त्यामुळे बगळ्याची नजर जन्मभर खालीच राहते. त्यांना पायाशी आलेलं कापड दिसे आणि वहीतलं नाव दिसे. मधलं काही दिसत नसे.

आधी झूल आली. लाल, जरीकाठाची, खोलीभर पसरलेली. आत कुठेतरी साळूबाई होती.

"झूल. हत्तीण. बरोबर," बगळेसाहेब म्हणाले. "या हत्तीणबाई. छान सडपातळ झालात."

साळूबाई जिना चढली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तशी ती वर पोचली तरी झुलीचा शेव खालीच होता. तो हळूहळू वर सरकत गेला. काळीज धडधडत होतं, पण झूल खरंच जाड होती.

मागून हत्तीणकाकू आल्या. सोंडेच्या टोकाला खारूताईचा रुमाल होता.

"रुमाल. खार. बरोबर."

काकूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि अख्खी बोट त्या बाजूला कलली.

"खारबाई, जरा हळू," बगळेसाहेब वहीतून म्हणाले.

मग कात आली, तिच्यात खारूताई होती. तिला नागीण म्हणून नमस्कार झाला. शेवटी नागीणवहिनी आल्या.

"हिरवं लुगडं, छिद्रं. साळूबाई, तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांना ती गर्दी नाहीतरी आवडत नसे.

वरच्या डेकवर थाट होता. बेडकांचा बँड जोरात वाजत होता. कॅप्टन गेंडा मधल्या टेबलावर होता, गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलात. त्याला सगळे म्हणत होते, काय रुबाब आहे. वाढपी माकडाने वहीवरून उतरवलेली यादी पाहून वाढलं. झुलीसमोर चाळीस ऊस ठेवले आणि आंघोळीचं घंगाळ भरून पाणी ठेवलं. रुमालासमोर अर्धी शेंग ठेवली.

काकू शेंगेकडे बघत राहिल्या. मग उसाकडे बघत राहिल्या. पण मानी बाई, शेंगच खाल्ली.

साळूबाईचं लक्ष कशातच नव्हतं. नदीने वळण घेतलं आणि बेट दिसलं. उंबर दिसला. उंबराच्या मुळाशी शेवंता उभी होती. बारीक झाली होती पोर. छातीशी एक लहानसा गोळा होता.

साळूबाई कठड्याशी धावली. शेवंताने वर पाहिलं. तिची नजर डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिला गेंडा दिसला, रुमालवाली हत्तीण दिसली, एक मोठी लाल झूल दिसली. झुलीवरून नजर सरकली आणि पुढे गेली.

"शेवंते," साळूबाईने हाक मारली. बँडमध्ये ती हाक तिची तिलाही ऐकू आली नाही.

बोट पुढे सरकत होती. शेवंताने पुन्हा एकदा सगळीकडे शोधलं. मग मान खाली घातली, बाळाला कुशीत घेतलं आणि ती वळली. आईला वर येऊ दिलं नसेल, असं तिने समजून घेतलं. लेकी समजून घेतात, त्याचंच वाईट वाटतं.

साळूबाईने मन शांत ठेवायचा प्रयत्न केला का? नाही केला. तीन वर्षं ठेवलं होतं, पुरे झालं.

तिचे काटे उठले. मानेपासून शेपटीपर्यंत एकूण एक उठले. जाजमाइतकी जाड झूल चरचर फाटली आणि दोन्ही बाजूंना गळून पडली. मधोमध साळूबाई उभी होती, आईने घडवली तशी. आणि तिने अंग झाडलं.

साळिंदराचे काटे वाजतात ते तुम्ही ऐकलेलं नाही. खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ. तो आवाज ऐकून वाघ वाट बदलतो. बेडकांची काय कथा, बँड जागच्या जागी थांबला.

शेवंता गर्रकन वळली. लहानपणी अंधार पडला की याच आवाजाच्या मागे मागे ती घरी यायची. तिने दोन्ही हातांनी बाळ वर धरलं आणि आपलेही काटे वाजवले. नदीच्या दोन्ही अंगांनी खुळखुळ, खुळखुळ. बाळाचे काटे अजून मऊ होते, ते वाजले नाहीत. पण ते उभे राहिले. इवलेसे, दहा-बारा असतील. साळूबाईने ते नीट पाहिले.

मग उंबर झाडीआड गेला.

बगळेसाहेब धावत वर आले. त्यांनी फाटकी झूल पाहिली, वही पाहिली.

"हत्तीणबाई," ते साळूबाईला म्हणाले, "हे काय चाललंय?"

"घडी मोडली," हत्तीणकाकू म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. "फाटली तर फाटली. अशी घडी मोडणारी मिळायला भाग्य लागतं."

"खारबाई, तुम्ही मध्ये बोलू नका."

मग त्यांनी वहीत लिहिलं की हत्तीण या प्रवाशाला पुढच्या सगळ्या सफरींत वरच्या डेकवर यायला बंदी आहे. काकूंनी ते ऐकलं आणि जाता जाता साळूबाईसमोरचे चाळीसच्या चाळीस ऊस उचलले. माणसाने आपल्या नावाचं आपण खावं.

दुसऱ्या दिवशी पत्रकाला आठवं पान लागलं. 'बायकांनी वाजू नये.' पुरुषांच्या ओळीत काही बदल झाला नाही. कॅप्टनने ती वाचली, त्यावर चिखलाचा अंगठा उठवला आणि ठीक आहे म्हणाला.

साळूबाई खालच्या डेकवर फळ्यांना टेकून बसली होती. पाठीचा एक काटा काढून त्याची सुई केली होती आणि काकूंची झूल टाचत होती. शेजारी हत्तीणकाकू ऊस सोलत होत्या.

"वर जायचंय का गं पुन्हा?" काकूंनी विचारलं.

"छे. आता वर काय आहे?" साळूबाई म्हणाली आणि दोरा ओढून घेतला.

तात्पर्य : बाळांनो, नियम नेहमी पाळावेत. निदान जिना चढून होईपर्यंत तरी.