खाडीत मुरलेला कोट

थंडीच्या दिवसांत माणसाने एक तर स्वतःचा कोट शिवून घ्यावा, नाही तर मुकाट्याने घरात बसावं. टेलरमास्तरांनी यातलं काहीच केलं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर मास्तरांच्या हातचे कोट होते आणि मास्तरांचा स्वतःचा कोट मात्र दुकानातल्या खिळ्याला एकाच बाहीनिशी लटकत होता. (दुसरी बाही कापून तयार होती. जोडायला सवड मिळेना, म्हणून तिच्यात चिंध्या भरल्या आणि आता मास्तर तिच्यात टाचण्या खोचत.)

त्यामुळे त्या रविवारी सकाळी शेजारचा लाँड्रीवाला गळाच्या दोन काठ्या खांद्यावर टाकून दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा मास्तरांना पहिला प्रश्न पडला तो कोटाचा.

"चल की लेका," लाँड्रीवाला म्हणाला. "होडी मिळालीय. भरती आत्ता काठोकाठ आहे. खाडीच्या आतल्या दलदलीत, गवताच्या कडेला मासे नुसते पडून असतात. थंडीत तेही आपल्यासारखेच आळशी होतात."

"मला जमायचं नाही. आज बाबांचा कोट द्यायचाय."

बाबा म्हणजे मास्तरांचे सासरे. निवृत्त हेडमास्तर. त्या संध्याकाळी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठेवला होता आणि त्यासाठी नवा लोकरी कोट शिवायचं काम अर्थातच घरच्या शिंप्याकडे आलं होतं. लग्न झाल्यापासून मास्तरांनी सासऱ्यांसाठी पुष्कळ कपडे शिवले, पण सासऱ्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द एकदाही बाहेर पडला नव्हता. "बटणं बरी आहेत" इथपर्यंत गाडी एकदा आली होती. (बटणं विकतची होती.) आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या माणसाने आपल्याला चारचौघांत छान म्हणावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती. त्यांनी ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, कारण तिने ती वडिलांना सांगितली असती.

या कोटात मात्र सुरुवातीलाच माशी शिंकली होती. गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर सासरेबुवा चांगलेच उतरले होते. मास्तर टेप घेऊन माप घ्यायला गेले, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, माझं माप तुमच्याकडे आहे. तत्त्वं आणि माप, दोन्ही मी बदललेली नाहीत." आता हेडमास्तरांना 'तुम्ही वाळलात' असं कोण सांगणार? मास्तर टेप गळ्यात घालून परत आले आणि जुन्या मापाने कोट शिवला. शिवण पहिल्या दर्जाची होती. फक्त आत एक जास्तीचा माणूस मावला असता.

"कोट तयार आहे ना?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

"तयार आहे."

"मग संध्याकाळपर्यंत काय त्याच्याकडे बघत बसणार?"

"पण मला घालायला काही नाही रे. या थंडीत खाडीवर..."

दोघांचीही नजर एकाच वेळी हँगरवरच्या बाबांच्या कोटावर गेली. पुढे या गोष्टीवरून दोघांत बरीच भांडणं झाली, पण आधी कोण बोललं हे काही ठरलं नाही. एवढं खरं, की मास्तर स्वतःची समजूत घालताना मोठ्याने म्हणाले, "नवा कोट तसाही अंगात थोडा मुरावा लागतो. खांदे बसतात."

"आणि काही डागबिग पडलाच," लाँड्रीवाल्याने छातीवर हात ठेवला, "तर मी कशाला आहे?"

मास्तरांनी घरी निरोप ठेवला की शेवटचं बटण लावायचंय, दुकानातच आहे. मग सासऱ्यांच्या कोटात शिरून, बाह्या दुमडून ते खाडीकडे निघाले. गळ्यातला टेप काढायचा राहून गेला. तो तसा नेहमीच राहतो.

खाडीवर पोचल्यावर मात्र मास्तरांना वाटलं, आपण उगीच इतकी वर्षं शिलाईयंत्राशी काढली. पाणी गवताच्या टोकापर्यंत चढलेलं, त्यावर पांढरं धुकं, लांबवर मातीचा बांध. लाँड्रीवाल्याने वल्ही मारत होडी आत नेली. एका जुन्या खुंटापाशी थांबून तो म्हणाला, "बांध होडी. जरा दोर सोडून बांध हां."

इथे मास्तरांचा धंदा आडवा आला. ज्या माणसाने जन्मात ढिला टाका घातला नाही, त्याला दोर ढिला सोडायला सांगणं म्हणजे अपमानच. मास्तरांनी होडीचं नाक खुंटाला अगदी भिडवलं, आपली खास गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि ओढून बघितली. "आता बापजन्मी सुटणार नाही," ते म्हणाले. दिवसभरात त्यांनी केलेलं हे एकच विधान खरं ठरलं.

मासे पडून होते की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण ते उठले नाहीत. मास्तरांनी पहिल्यांदा गळ फेकला तो लाँड्रीवाल्याच्या टोपीत गेला. दुसऱ्यांदा तो सासऱ्यांच्या कोटाच्या खिशाला अडकला. मास्तरांनी श्वास रोखून गळ असा सोडवला की धागासुद्धा हलला नाही. (हे कौशल्य बघायला फक्त लाँड्रीवाला हजर होता आणि तो टोपी सोडवत होता.) शेवटी एक मासा लागला. करंगळीएवढा असावा. तो वर काढताना मास्तर एवढे ओरडले की बगळे उडाले.

"हळू! आणि होडी का हलवतोयस?"

"मी कुठे हलवतोय? तूच मागे जाऊन बसलायस."

"मी बसलेलो नाही. मी घसरलोय."

मग दोघांनी खाली पाहिलं. पाणी परत निघालं होतं. ओहोटी लागली होती आणि पाण्याबरोबर होडीही खाली जाऊ पाहत होती, पण मास्तरांची गाठ तिला जाऊ देईना. होडीचं नाक खुंटाला टांगलेलं आणि मागची बाजू चिखलाकडे निघालेली. एकुलता एक मासा घरंगळत आला आणि मागच्या काठावरून स्वतःच्या घरी गेला.

"गाठ सोड!"

"सुटत नाही! भार आलाय तिच्यावर!"

"मग काप! कात्री कुठाय? शिंपी ना तू?"

मास्तरांनी सगळे खिसे चाचपले. सासऱ्यांच्या कोटात कात्री कुठून असणार? हाताला फक्त गळ्यातला टेप लागला. लाँड्रीवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वा! आता किती बुडालोय ते तरी नीट मोजता येईल."

याच वेळी बांधावर कोणीतरी येऊन उभं राहिलं. हातात काठी, गळ्यात मफलर, ताठ पाठ. ती पाठ शहरात एकाचीच होती.

"मेलो," मास्तर पुटपुटले. "बाबा फिरायला आलेत."

"त्यांना लांबचं दिसतं का?"

"मोतीबिंदू आहे म्हणतात. ऑपरेशन झालं की व्हायचंय, हे मी कधी नीट ऐकलंच नाही." आणि मास्तरांनी कोटाची कॉलर कानांपर्यंत ओढली. कॉलर मोठी होती, त्यामुळे ती डोळ्यांपर्यंत आली.

बांधावरून खणखणीत आवाज आला, "काही लागलं का?"

उत्तर देणं भाग होतं. मास्तरांनी घसा खरवडून, पोटातून एक भलताच घोगरा आवाज काढला. "नाही, आजोबा!"

बांधावरचा चष्मा एकदा वर-खाली झाला.

"ओहोटी आहे! दोर एवढा आखूड का बांधलात?"

"चुकलं, आजोबा!"

"उतरा आता! गवताच्या कडेने चालत या, मध्ये चिखल खोल आहे!"

"बरं, आजोबा!"

काठी टेकत ती ताठ पाठ निघून गेली. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या भरात उभे राहिले. तिरप्या होडीत माणसाने उभं राहू नये. मास्तर आधी बसले, मग घसरले आणि मग काठावरून थेट चिखलात गेले. शेवटपर्यंत त्यांनी कोटाची शेपटं दोन्ही हातांनी वर धरली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण शेपटं वर धरून माणूस पाठीवर पडला, तर उपयोग काय? चिखल कॉलरमधून शिरला आणि खिशांतून बाहेर आला. मास्तर उताणे पडल्या पडल्या आभाळाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळे असं ते नंतर म्हणाले, पण ते खरं नव्हतं. एवढ्या वर्षांची त्यांची एक साधी इच्छा होती आणि ती आता चिखलात पडली होती.

"तू काही काळजी करू नकोस," वरून लाँड्रीवाला म्हणाला. "मी आहे ना!" आणि तोही त्यांच्या अंगावर पडला.

लाँड्रीच्या भिंतीवर लाँड्रीवाल्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: 'लोकरी कपडे गरम पाण्यात घालू नयेत.' त्याने ती पाटी हजारदा गिऱ्हाइकांना वाचून दाखवली असेल. पण संध्याकाळ जवळ येत होती, चिखल सुटत नव्हता आणि मास्तर कानाशी "लवकर, लवकर" करत उभे होते. घाईच्या भरात त्याने कोट उचलला आणि चादरींच्या उकळत्या हंड्यात टाकला. मग शेगडीशेजारी वाळवला आणि वर इस्त्री दाबली.

कोट स्वच्छ निघाला. रंग जागेवर होता, बटणं जागेवर होती. फक्त कोट लहान झाला होता.

"आटला," लाँड्रीवाला अगदी बारीक आवाजात म्हणाला.

मास्तरांनी कोट उलटा करून पाहिला. कापड आटलं, पण आतलं अस्तर आटलं नव्हतं, त्यामुळे ते खालून जीभ काढून दाखवत होतं. मास्तर यंत्रावर बसले, अस्तर उसवलं, कापलं, परत जोडलं. हात आपोआप चालत होते. मनात ते सासऱ्यांना काय सांगायचं याची तयारी करत होते आणि तेवढ्यात दारात बायको उभी राहिली.

"अहो, अजून बटणच लावताय? बाबा तिकडे शर्टावर बसलेत!" तिने कोट हातात घेतला आणि नाक मुरडलं. "कसला हो वास येतोय?"

"नव्या कापडाचा."

"नवं कापड कोळ्याकडून आणलंत का?" म्हणत ती कोट घेऊन निघालीसुद्धा.

हॉलच्या मागच्या खोलीत सासरेबुवा आरशासमोर उभे होते. मास्तर दाराशी, पळायला सोयीचं पडेल अशा बेताने उभे राहिले. सासऱ्यांनी एक हात घातला, दुसरा घातला, बटण लावलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

काहीच आवाज आला नाही, म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. कोट बसला होता. नुसता बसला नव्हता, खांद्यावर सुरकुती नव्हती, बाही मनगटाशी नेमकी थांबली होती. मास्तरांच्या कात्रीला जे धाडस झालं नाही, ते हंड्याने करून दाखवलं होतं.

"बघा," सासरेबुवा आरशाला म्हणाले. "म्हटलं नव्हतं? माप बदललेलं नाही."

आणि मग भाषणात, भरल्या हॉलसमोर, ते थांबले आणि कोटाच्या कॉलरला हात लावून म्हणाले, "हा कोट माझ्या जावयांनी शिवलाय. छान शिवलाय." टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या लाँड्रीवाल्याने वाजवल्या आणि इकडेतिकडे वाकून नमस्कारही केले. मास्तरांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. बायकोने हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा तर त्यांना वाटलं, आता लगेच घरी जावं. आणखी काही घडायला नको.

पण चहा होता, त्यामुळे थांबावं लागलं. कप हातात घेऊन सासरेबुवा गर्दीतून वाट काढत आले. बायको शेजारीच उभी होती.

"जावईबापू, उत्तम काम. एकच शंका आहे."

"विचारा ना बाबा," मास्तर मोठ्या मनाने म्हणाले.

"सकाळी होडीत तुमच्या अंगावर पाहिला, तेव्हा हा चांगलाच ढगळ होता. संध्याकाळपर्यंत एवढा नेमका कसा आवळलात?"

बायकोची मान हळूहळू मास्तरांकडे वळली. लाँड्रीवाला मघापर्यंत इथेच होता, तो आता कुठेच दिसेना. मास्तरांनी तोंड उघडलं, तर आतून तोच सकाळचा घोगरा आवाज बाहेर पडला.

"चुकलं, आजोबा."